घरचा रांजण आणि सरकारचा शिक्का

वाचकहो, फाल्गुन सरत आला की आमच्या हिंगणा तालुक्यात, टेकड्यांच्या अंगाला, मोहाची झाडे पाने टाकतात आणि फुलू लागतात. रात्रभर फुले गळत राहतात. पहाटे झाडाखाली गेलात तर जमिनीवर पांढरट, गरयुक्त, मण्यांसारखी फुले पसरलेली दिसतील. बायका आणि मुले टोपल्या घेऊन दिवस उगवायच्या आत तिथे पोचतात, कारण ऊन चढले की गुरे, माकडे आणि पाखरे आपला वाटा मागायला येतात. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात. चार-पाच दिवसांत ती मनुकांसारखी तांबूस होतात आणि घरभर त्यांचा गोडसर, थोडा उग्र वास भरतो.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या शेजारी एक गोंड कुटुंब राहत होते. त्या घरच्या बाईला आम्ही आत्या म्हणत असू. वर्षातून दोन-तीनदा, घरात लग्न असले, बारसे असले किंवा देवाचे करायचे असले, की आत्या मोहाचा सडवा घाली. एका उन्हाळ्यात झडती आली. आलेल्या माणसांनी आत्याचा रांजण अंगणात आणून फोडला. सडवा वाहत आमच्या दारापर्यंत आला. आत्या रडली नाही, ओरडली नाही. तिने त्या साहेबांना एवढेच विचारले, "मडकं फोडता तं फोडा जी, पन सडकेवरचं दुकान कोन फोडते?"

सडकेवर त्या वेळी सरकारमान्य देशी दारूचे दुकान होते आणि ते रोज संध्याकाळी गजबजलेले असे. साहेबांनी उत्तर दिले नाही. पुढे मी इतिहास शिकलो, शिकवू लागलो, आणि मला कळले की आत्याचा प्रश्न हा इतिहासाचाच प्रश्न होता. घरी आंबवलेले पेय गुन्हा का ठरते आणि दुकानातून विकत घेतलेले का ठरत नाही? ह्या प्रश्नाचा माग काढण्याचा आज विचार आहे. दारूची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही हे आधीच सांगून ठेवतो. तशी तरफदारी मला का करवत नाही, तेही शेवटी सांगेन.

प्रथम आंबणे म्हणजे काय ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात सहज समजावून देता येईल. ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून रात्रभर ठेवले की सकाळी आंबट होते आणि त्याची आंबील करतात. हे काम डोळ्यांना न दिसणारे जंतू करतात. त्यांचेच दुसरे भाईबंद म्हणजे किण्व, ज्याला आपण बोलण्यात यीस्ट म्हणतो. त्याला गोड द्रव मिळाला की तो साखर खातो आणि तिचे मद्यार्क व वायू करतो. रांजणावर फेस येतो आणि आत बुडबुड आवाज होतो, तो ह्या वायूमुळे. फ्रान्समधल्या लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि पेय नासते ते नको त्या जंतूंमुळे, हे दाखवून दिले. पुढे १८९७ साली एडुआर्ड बुखनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले की किण्वाच्या पेशी चिरडून काढलेला रसही साखर आंबवू शकतो.

आता धान्यात साखर फारशी नसते, पीठ असते. मग धान्याची बिअर कशी होते? त्याची युक्ती आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. बाळाला नाचणीचे सत्त्व देताना आपण काय करतो? नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो, मग दळतो. मोड येताना दाण्यात अशी पाचके तयार होतात, की ती पिठाची साखर करू लागतात. म्हणून ते सत्त्व गोडसर लागते आणि बाळाला पचते. युरोपात बिअर करणारे जवाला नेमके हेच करतात. मोड आणून वाळवलेला जव भरडायचा, ऊन पाण्यात मुरवायचा, गोड पाणी गाळून घ्यायचे, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळायचे, निववायचे आणि किण्व सोडून झाकून ठेवायचे. बाळाचे सत्त्व आणि बिअर ह्यांची वाट निम्म्यापर्यंत एकच आहे.

मोहाला एवढी खटपट लागत नाही. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. फुले पाण्यात भिजवली की काम सुरू होते. परंतु इथे एक भेद ध्यानात ठेवा, कारण पुढे तो कामास येईल. आंबवणे वेगळे आणि गाळणे वेगळे. आंबवलेल्या पेयात मद्यार्क थोडा असतो. तोच सडवा चुलीवर चढवून वाफ थंड केली की कडक दारू उतरते. पहिली कला शेतीइतकीच जुनी असावी. इराकच्या प्राचीन सुमेर देशात बिअरची निंकासी नावाची देवीच होती, आणि ही कला घराघरांत बहुतकरून बायकांच्या हातात होती.

आता आपल्या देशात येऊ. कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हणजे कोरडा राजनीतीचा ग्रंथ, असे आपण समजतो. मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले ह्यांची त्याची संशोधित आवृत्ती १९६० पासून प्रसिद्ध केली. ती उघडून सुराध्यक्षाचे प्रकरण वाचा. तिथे चक्क पेयांच्या कृती आणि मापे दिली आहेत. मेदक नावाच्या पेयासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व घ्यावे, असे सांगितले आहे. एका द्रोणाचे सोळा प्रस्थ आणि एका आढकाचे चार. म्हणजे सोळा मापे पाण्याला दोन मापे तांदूळ आणि तीन मापे विरजण असा हिशेब झाला. विरजण कसे करावे तेही आहे: उडदाचा वाटा, त्याच्या एक तृतीयांशाने अधिक तांदूळ आणि काही औषधी मुळ्या. सुरा आणि किण्व तयार करण्याची कामे बायकांनी आणि मुलांनी करावीत असा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांमागच्या त्या नियमातही रांजणापाशी आपल्याला आत्याच दिसते.

ह्या प्रकरणातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कौटिल्य काही उदार मनाचा राज्यकर्ता नव्हे. मीठ, खाणी, जंगल, सर्वांवर राजाचा हात असावा असे म्हणणारा तो. दारूचा धंदाही त्याने राजाच्या ताब्यात ठेवला. कोणाला किती विकावी, गावाबाहेर नेऊ देऊ नये, गुत्त्यात कोणावर नजर ठेवावी, सारे नियम केले. पण एवढे करूनही त्याने घरासाठी एक दार उघडे ठेवले. कुटुंबवत्सल माणसांना घरच्या कार्यात पांढरी सुरा करता येईल, औषधासाठी अरिष्ट करता येईल, असे त्याने लिहून ठेवले. उत्सव, जत्रा आणि यात्रा असेल तर चार दिवसांची मोकळीक द्यावी असेही म्हटले. राजाच्या मालाशिवाय इतर कोणी पेये विकली तर शेकडा पाच जकात घ्यावी, असाही नियम आहे. म्हणजे विकणाऱ्यावर कर आणि कार्यापुरते करणाऱ्याला मुभा. कौटिल्याने हा भेद ओळखला होता. पुढच्या राज्यकर्त्यांना तो ओळखायचा नव्हता, आणि आपली सारी गोष्ट इथून वळण घेते.

मराठी अमदानीतही कलालीचा कर होता. दारू गाळणे हा कलारांचा पिढीजात व्यवसाय होता. कर होता म्हणजे सरकारचे लक्ष होते. परंतु डोंगराआडच्या वस्तीवर प्रत्येक चुलीपर्यंत पोचावे एवढे त्या काळच्या सरकारचे हात लांब नव्हते. ते हात इंग्रजी अमलात लांब झाले.

तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत बनला. नव्या सरकारला खजिना भरायचा होता. जमिनीचा सारा हा मोठा भाग, आणि त्याच्या जोडीला अबकारी. व्यवस्था साधी होती. ठराविक टापूत भट्टी लावून दारू विकण्याचा मक्ता लिलावात द्यायचा. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि मग हवी तेवढी दारू गाळायची. आता विचार करा. ज्याने एवढी रक्कम भरली, त्याला त्या टापूतला प्रत्येक घरचा रांजण नुकसानीचा वाटणार. जितकी घरे आपली आपण करतील, तितके त्याचे गिऱ्हाईक कमी. घरच्या रांजणाचा पहिला शत्रू सुधारक नव्हता, मक्तेदार होता.

पुढे सदर भट्टीची पद्धत आली. दारू मोठ्या भट्टीतच गाळायची, तिथे प्रत्येक मापावर कर भरायचा आणि मग ती दुकानात पाठवायची. १९०५-०६ साली नेमलेल्या अबकारी समितीनंतर ही पद्धत अधिक पसरली आणि १९१५ साली मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त उत्पन्न हे आपले धोरण आहे, असे सरकार सांगत असे. ह्या वाक्याचे दोन तुकडे करून पाहा. खप कमी झाला की नाही हे मोजणे अवघड, पण उत्पन्न वाढले की नाही हे दरसाल जमाखर्चात दिसते. ज्या कामाचे मोजमाप दरसाल होते, त्याकडेच कारभाऱ्याचे लक्ष लागते.

ही चाल काही लोकांच्या ध्यानात फार लवकर आली. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढत चालली, त्याविरुद्ध त्यांनी १८८० साली पालिकेला पत्र लिहिले. ज्या पालिकेने नागरिकांच्या आरोग्याची काळजी घ्यायची, तिच्या डोळ्यांदेखत घरे बुडत आहेत, ही त्यांची तळमळ होती. फुल्यांचा रोख दुकानावर होता हे लक्षात घ्या.

मुंबई इलाख्यात तर गोष्ट फुलापर्यंत गेली. तिथे १८७८ साली अबकारीचा कायदा झाला होता. ताडी काढायची तर झाडागणिक कर द्यावा लागे. तरी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत लोक चोरून दारू गाळतात, असे सरकारचे म्हणणे होते. भट्टी शोधणे कठीण, कारण ती आज इथे, उद्या तिथे. मग सरकारने कच्चा मालच धरला. १८९२ साली खास मोहाचा कायदा झाला आणि त्या जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठ्यावर व व्यवहारावर बंधने आली. वाचकहो, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. दारूवर नव्हे, भट्टीवर नव्हे, झाडाखाली आपोआप गळून पडलेल्या फुलावर कायदा झाला.

आणि ते फूल म्हणजे नुसती दारू नव्हे. मोहफुले भाजून खातात, शिजवून खातात, पिठात घालून भाकरी करतात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात किती तरी रानातल्या घरांचा जीव मोहाने तगवला. ज्याच्या अन्नाचे आणि मद्याचे साहित्य एकच आहे, त्याच्या घरातले साहित्य संशयाचे ठरवले की त्याचे जेवणच संशयाचे होते. शहरातल्या माणसाच्या घरात गूळ सापडला तर त्याला कोणी विचारत नाही. रानातल्या माणसाच्या घरात फूल सापडले तर त्याला खुलासा द्यावा लागतो.

साहजिकच स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूच्या दुकानाला मोठे स्थान मिळाले. असहकाराच्या ठरावाला काँग्रेसने १९२० च्या डिसेंबरात नागपुरातच कायमची मान्यता दिली आणि १९२१ साली नागपुरात दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली. त्यात दोन हेतू होते. एक लोकांचे व्यसन सुटावे, दुसरा परक्या सरकारचा खजिना आटावा. १९२२ साली तर समुद्रकाठच्या कोळ्यांपासून निघून ठाणे जिल्ह्यातून दक्षिण गुजरातच्या आदिवासींपर्यंत देवीची एक लाटच आली. अंगात आलेली माणसे देवीचा हुकूम म्हणून सांगू लागली, की दारू सोडा, ताडी सोडा, नित्य आंघोळ करा. गावेच्या गावे दारू सोडून बसली आणि दारू विकणाऱ्या सावकारांचे धाबे दणाणले. कोणताही कायदा नसताना हे घडले. स्वतःहून ठरवले तर माणसे काय करू शकतात, ह्याचा हा दाखला आहे. पुढे ती लाट ओसरली, हेही खरे.

आता आपल्या नागपूरचा धागा पुन्हा हातात घेऊ. प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर १९३८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. तिकडे मुंबईत १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. १९५० च्या राज्यघटनेतल्या ४७ व्या कलमाने दारूबंदीचे ध्येय राज्यापुढे ठेवले. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली तो मुंबईचा कायदा इकडेही लागू झाला. २०१२ पासून त्याच्या नावातला मुंबई शब्द जाऊन महाराष्ट्र आला. ह्या कायद्यात मद्य म्हणजे कडक दारूच नव्हे, बिअर आणि ताडीही आली. परवान्यावाचून ती घरी करणेही गुन्हा झाले. मोहफुलावरची बंधनेही त्याबरोबर आमच्या दारात आली.

गंमत अशी की सीमेपलीकडे मध्य प्रदेशात १९१५ चाच तो जुना कायदा नाव बदलून चालत राहिला, आणि तिथे आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती मर्यादित दारू गाळण्याची सवलत आहे. नागपूरहून उत्तरेला मोटारीने दोन-अडीच तास गेले की तीच फुले, तीच जमात, तोच रांजण, आणि उत्तर मात्र निराळे.

इतर देशांनी ह्या प्रश्नाचे काय केले? इंग्लंडात १८८० साली घरी बिअर करणाऱ्याला परवाना घेण्याची सक्ती झाली आणि १९६३ साली ती उठली. त्यानंतर तिथले लोक दुकानातून मोड आणलेला जव, हॉप आणि किण्व विकत आणून स्वयंपाकघरात बिअर करू लागले. अमेरिकेत १९२० ते १९३३ संपूर्ण दारूबंदी होती. त्या काळात तिथल्या किराणा दुकानांतून जवाच्या सत्त्वाचा पाक पाव भाजण्यासाठी म्हणून डब्यांतून विकला जाई. पाव किती घरांत भाजले गेले हे तुम्हीच ओळखा. बंदी उठली तरी घरच्या बिअरला तिथे १९७८ साली कायद्याने मोकळीक मिळाली: घरात एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला शंभर गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर दोनशे, आणि विक्री करायची नाही. त्यांच्यातल्या अलाबामा आणि मिसिसिपी ह्या दोन राज्यांनी तर हे २०१३ साली मानले. त्या मोकळिकीत आंबवणे होते, गाळणे नव्हते. मघाशी सांगितलेला भेद तो हाच. आणि विकणे व घरी करणे हा कौटिल्याचा भेदही त्यात आहेच.

पण आत्याची खरी बहीण मला सापडली ती दक्षिण आफ्रिकेत. तिथे काळ्या लोकांच्या घरी बायका ज्वारीला मोड आणून आंबट, दाटसर बिअर करीत. १९०८ साली नाताळच्या सरकारने कायदा केला आणि डर्बन शहराच्या पालिकेने ह्या बिअरचा धंदा स्वतःकडे घेतला. बायकांच्या घरचे रांजण फोडायचे आणि त्यांच्याच नवऱ्यांना पालिकेच्या बिअरघरात तीच बिअर विकायची. त्या पैशातून काळ्या वस्त्यांचा कारभार चालवायचा. म्हणजे ज्याला दाबून ठेवायचे, त्याच्याच घशातून त्याचा खर्च काढायचा. १९५९ च्या जूनमध्ये डर्बनच्या काटो मॅनर वस्तीतल्या बायका उठल्या. त्यांनी बिअरघरांवर चाल केली, पुरुषांना बाहेर हाकलले, पिंपे उलथी केली. त्यांची मागणी दारूची नव्हती. आमचे भांडे फोडून तुमचे दुकान का, हा त्यांचा सवाल होता. हिंगण्याच्या अंगणातला आणि डर्बनच्या वस्तीतला प्रश्न शब्दाला शब्द जुळतो.

आता माझ्या हिशेबाने ह्या प्रश्नाचे उत्तर असे. घरच्या रांजणाला स्वतःची मर्यादा होती. फुले चैत्रात मिळत, ती वर्षभर पुरवायची असत. कार्य असेल तेव्हा करायचे, आधी देवाला आणि पितरांना दोन थेंब जमिनीवर सांडायचे, मग वडीलधाऱ्यांनी घ्यायचे. घालणारी बाई घरची, म्हणून कोणी अति केले तर हात आवरणारीही तीच. दुकानाला ऋतू नाही, कार्य नाही, वडीलधारा नाही. तिथे मर्यादा एकच: खिशातला पैसा. मजुरीचा वार आणि दुकानाची गर्दी ह्यांची गाठ पडली, ती तिथे. कायद्याने रांजण फोडला, पण रांजणाभोवतीचे जे नियम होते त्यांच्या जागी काही ठेवले नाही.

इथे थांबलो तर मी खोटे बोललो असे होईल. आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, फार गुणी माणूस. भजनात त्यांचा आवाज गावभर ऐकू जाई. त्यांनी पहिला घोट दुकानात घेतला नाही. तो आत्याच्याच अंगणात, एका लग्नात घेतला. पुढे ते सडकेवरच्या दुकानात जाऊ लागले, आणि दुकान बंद असेल त्या दिवशी पुन्हा आत्याच्या दारात येऊन बसू लागले. आत्या प्रथम नाही म्हणे. मग घरात पैशाची अडचण आली तेव्हा तिने हो म्हटले. ज्या दिवशी तिने पैसे घेतले, त्या दिवशी तिचा रांजणही दुकान झाला. मोठ्या बाबांची दोन एकर जमीन गेली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आमची मोठी आई पुढे कित्येक वर्षे मोहाच्या झाडाखालून जाताना नाकाला पदर लावीत असे. म्हणून मला दारूची तरफदारी करवत नाही, आणि घरची म्हणजे पवित्र असेही म्हणवत नाही.

चोरून होणाऱ्या धंद्याचे तर विचारूच नका. जे घरी उघड्यावर होत होते ते रानात आणि नाल्यात गेले की त्यात काळा गूळ आणि नवसागर आले. घाईने, जास्त आणि कडक, एवढेच पाहायचे. शहरांत तर कारखान्यात वापरायचे विषारी मिथेनॉल मिसळले जाऊ लागले. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ह्यात ना आत्याचा रांजण होता, ना मोहाचे फूल. ती कला नव्हती, नुसता पैसा होता.

मग मार्ग कोणता? इतिहासाने दिलेली दोन-तीन उदाहरणे तुमच्यापुढे ठेवतो. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. कायदा आला आणि गेला, ह्याची ही शेजारशेजारची दोन उदाहरणे. गडचिरोलीतच धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा हे गोंडांचे गाव आहे. तिथल्या गावसभेने बायकांच्या पुढाकाराने चर्चा करकरून, सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबून दारूविषयी स्वतः निर्णय घेतला. त्याच सवयीतून पुढे त्या गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्कही मिळवला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मादक पदार्थांच्या बंदीचा आणि नियमनाचा अधिकार दिला आहे. एकविसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, हे तर आपण पाहिलेच आहे. आत्याचा प्रश्न त्यांनी मतपेटीतून विचारला, आणि सडकेवरचे दुकान बंद पाडून त्याचे उत्तरही दिले.

मोहाच्या फुलावरची बंधने महाराष्ट्र शासनाने २०२१ साली उठवली. ठाणे-कुलाब्याचा तो पहिला कायदा झाल्याला तेव्हा एकशे एकोणतीस वर्षे झाली होती. आता फूल वेचणे, साठवणे, विकणे ह्यात भिण्यासारखे काही राहिले नाही. दारू गाळणे मात्र परवान्यावाचून आजही गुन्हाच आहे आणि तो कोणी करावा असे मी सांगत नाही. पण फुलाचा लाडू होतो, मुरंबा होतो, सरबत होते. वेचणाऱ्या बाईला चैत्रातच पडत्या भावाने फुले विकावी लागू नयेत, एवढी सोय बचत गटाला करता आली तरी पुष्कळ झाले.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन मोहाखाली जा. मुलांच्या हातात फूल द्या, ते चाखू द्या. त्यांच्या आज्यांना विचारू द्या की दुष्काळात हे कसे खाल्ले, कार्यात किती घालीत, कोण घाली, कोण किती घेई आणि पुरे हा शब्द कोण उच्चारी. उत्तरे वहीत लिहून ठेवा. सरकारी दप्तरात भट्ट्यांचे लिलाव आणि दंडाच्या रकमा आहेत, पण पुरे कोण म्हणत असे हे कुठल्याही दप्तरात नाही. ते फक्त ह्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

आमची आत्या आता नाही. तिच्या अंगणातले मोहाचे झाड आहे. फाल्गुनात ते अजूनही पहाटे फुले टाकते. गेल्या वर्षी मी गेलो तेव्हा तिची नात टोपली घेऊन झाडाखाली बसली होती. मी विचारले, "काय करशील याचं?" ती म्हणाली, "विकीन जी. थोडे घरी ठेवीन, लाडवाले." मग जरा थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आजीचं मडकं कसं फुटलं, तुमी पाह्यलं होतं म्हणे?"

मी तिला सारे सांगितले. मोठ्या बाबांचेही सांगितले.